खोगीरभरती

मामांनी खोगिराकडे पाहिलंच नाही. मी ते कट्ट्यावर उतरवलं, फडक्यानं पुसलं, तंग सोडून बाजूला ठेवला. ते मात्र सरळ घोडीकडे गेले. आधी तिच्या कपाळावर हात ठेवला, मग मानेवर, आणि तिथून दोन्ही तळवे पाठीवर सपाट टेकवून अगदी सावकाश मागे पुठ्ठ्यापर्यंत नेले. परत येताना खांद्याच्या मागे त्यांचे हात थांबले. वाटीत तळवा बसावा तसा तो तिथे आत बसत होता. डावीकडे जरासा दाब पडला तशी घोडीनं कातडी थरथरवली आणि पाठ खाली चोरली.

"ताई, हे आजचं नाही," ते म्हणाले. "किती दिवस बसताय या खोगिरावर?"

"चौदा महिने."

ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

घोडी थरोब्रेड, कुमैत रंगाची, शर्यतीतून निवृत्त झालेली. पुण्याजवळच्या रायडिंग क्लबांमध्ये अशी जनावरं पुष्कळ येतात. इथल्या शर्यती पावसाळ्यात आणि मुंबईच्या हिवाळ्यात. दोन-तीन हंगाम पळून झाले की पाच-सहा वर्षांची घोडी नवं काम शिकायला क्लबात दाखल होते. मी तिच्यावर बसू लागले तेव्हा तिची पाठ भरलेली होती. हे मला नंतर जुने फोटो काढून पाहिल्यावर कळलं. दरम्यान तंग आवळताना ती कान मागे पाडायला लागली, एकदा चावायलाही आली. सगळे म्हणाले, घोडी नखरेल आहे. मीही तेच म्हणाले, आणि खोगिराखाली आणखी एक जाड पॅड घातलं. मूळ खोगीरच अरुंद असेल तर खालचं प्रत्येक पॅड ते आणखी अरुंद करतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. त्या चुकीचं मला आजही वाईट वाटतं.

मामांचं घराणं जिनगरांचं. जीन म्हणजे खोगीर, आणि ते करणारा तो जिनगर. मराठेशाहीत घोडदळामागे हे लोक असत. घोडदळं गेली तसे त्यांतले बरेच जण दुसऱ्या कामांकडे वळले. मामांनी तरुणपणी सहा वर्षं कानपूरला काढली. आजही जगभर जाणारी भारतीय खोगिरं बहुतेक तिथलीच. नवं खोगीर करायचं त्यांनी आता सोडलंय. दुरुस्ती आणि भरण, एवढंच करतात.

पाठ पाहून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक लांब, वाकेल तशी राहणारी पट्टी काढली. ड्रॉइंगच्या सामानात मिळते तीच. खांद्याच्या पात्यामागे दोन बोटं सोडून ती पाठीवर आडवी बसवली, हलक्या हातानं उचलली आणि तपकिरी कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेघ ओढली. मग थोडं मागे दुसरी रेघ, तिच्या मागे तिसरी. शेवटी कण्याच्या कडेनं एक लांब रेघ. प्रत्येक रेघेवर तारीख घातली. पहिली रेघ मी अजून विसरलेले नाही. निरोगी पाठीची रेघ वरून गोलाईनं उतरते. हिची रेघ विदर्सच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे खांद्यांच्या वर जो हाडांचा उंचवटा असतो त्याच्या खाली, आत वळली होती. उजवीकडे थोडी, डावीकडे जास्त.

तिथे असतो ट्रॅपिझियस, पात्यावर पसरलेला पंख्यासारखा पातळ स्नायू. त्याच्या आतून कण्याच्या दोन्ही अंगांनी लाँगिसिमस जातो. घोड्याच्या शरीरातला हा सगळ्यात लांब स्नायू, आणि आपण बसतो ते नेमके याच्यावर. गंमत नव्हे, अडचण अशी की वजन पेलणं हे त्याचं कामच नाही. चालताना आलटून पालटून आखडायचं आणि सैल व्हायचं, यासाठी तो आहे. वजन तोलून धरायला पाठ खालून उचलली जावी लागते. डच शरीरशास्त्रज्ञ स्लायपर यांनी १९४६ साली याला धनुष्याचा दाखला दिला होता. कणा म्हणजे धनुष्य, पोटाचे स्नायू म्हणजे त्याची दोरी. दोरी ताणली की धनुष्य वर येतं. पण पाठीवर काही टोचत असेल तर घोडा ती वर उचलेल कशाला? तो ती खाली चोरतो, लाँगिसिमस आखडून धरतो, पावलं तोकडी टाकतो. आखडलेला स्नायू वाढत नाही. त्यातून जिथे खोगिराचं टोक रुतलंय तिथलं रक्तच अडतं. केशवाहिन्यांतला दाब असतो जेमतेम ३०-३५ मिलिमीटर पाऱ्याचा. त्याहून जास्त दाब एकाच जागी टिकून राहिला की तिथलं पोषण तुटतं. स्नायू झिजतो, खड्डा पडतो. कधी केसाची मुळं दुखावतात आणि नवे केस पांढरे उगवतात. माझ्या घोडीच्या डाव्या खांद्यामागे रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. मी त्याला तिची खूण समजत होते.

आता मामांनी खोगीर हातात घेतलं. उलटं करून मांडीवर ठेवलं आणि दोन्ही गाद्यांवरून अंगठे फिरवत गेले. लोकरीच्या सुपारीएवढ्या गाठी झाल्या होत्या, त्यांनी एकेक माझ्या बोटाला दाखवल्या. मग ते पॅडशिवाय घोडीच्या पाठीवर ठेवलं. पुढे आणि मागे टेकलं, मधे त्यांचा अख्खा पंजा मोकळा फिरला. पुलासारखं. बसणाऱ्याचं सगळं वजन चार कोपऱ्यांवर. पुढच्या बाजूला तर सांगाड्याची टोकं पात्याला भिडत होती. घोडा पुढचा पाय टाकतो तेव्हा पात्याची वरची कड मागे सरकते. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं, पातं धडाला केवळ स्नायूंनी बांधलेलं असतं, म्हणून ते इतकं मोकळं फिरतं. मामांनी सईसाला घोडीचा पाय पुढे ओढून धरायला सांगितलं आणि माझी बोटं खोगिराच्या टोकाखाली सरकवली. पातं मागे आलं आणि बोटं चिमटली. मी हात ओढून घेतला. घोडीला तर एका फेरीत हे शेकडो वेळा सोसावं लागत होतं.

मी विचारलं, "मामा, तो खड्डा लोकरीनं भरून घेतला तर? जिथे मांस नाही तिथे भरण."

"खड्डा भरून टाकला तर मांस येणार कुठे?"

या एका प्रश्नात सगळं काम आलं. खोगीर आजच्या पाठीच्या मापाचं करायचं नाही. पाठ जशी व्हायला हवी तिच्या मापाचं करायचं, आणि मधल्या काळात ते डगमगू नये म्हणून पुढे पातळ नमद्याच्या पट्ट्या सरकवायच्या. पाठ भरत जाईल तशा त्या एकेक काढायच्या. माझं खोगीर यात बसणारच नव्हतं. लाकडी सांगाडाच अरुंद असेल तर भरण तरी काय करणार? क्लबच्या खोलीत एक जुनं कानपुरी खोगीर पडलं होतं, रुंद सांगाड्याचं. मामांनी ते बसकणीपाशी आणि पुढच्या कमानीपाशी दाबून पाहिलं, कुठे करकर वाजतंय का ऐकलं आणि तेच घ्यायचं ठरवलं. पण त्याआधी दोन अटी घातल्या. सहा आठवडे कोणी बसायचं नाही. आणि डॉक्टरांकडून मागचे पाय तपासून घ्यायचे.

दुसरी अट मला समजेना, कारण प्रश्न पाठीचा होता. पण माझं खोगीर नेहमी उजवीकडे घसरायचं, आणि ते मामांना सईसाकडून कळलं होतं. इंग्लंडमध्ये लीन ग्रेव्ह आणि सू डायसन या पशुवैद्यांनी दाखवून दिलंय की एकाच बाजूला घसरणाऱ्या खोगिरामागे बऱ्याचदा मागच्या पायाचं लंगडणं असतं, तेही उघड्या डोळ्यांना सहज न दिसणारं. पाय बधिर केला की खोगीर घसरायचं थांबतं. आमच्या घोडीचे पाय सुदैवानं ठीक निघाले. मग राहिली एका बाजूची दबलेली लोकर, आणि रोज डावीकडूनच रिकिबीत पाय देऊन चढणारी मी.

भरणाचं काम दोन दिवस चाललं. मामांनी आरीनं त्या कानपुरी खोगिराच्या गादीची शिवण उसवली आणि आतली जुनी लोकर उपसली. मळकट, ढेकळं झालेली, एके ठिकाणी चक्क चिंध्या. आपण टाकाऊ गोष्टींच्या भरताडाला खोगीरभरती म्हणतो ते त्या चिंध्यांवरूनच. मला तो शब्द त्या दोन दिवसांनंतर सहज वापरता येत नाही. मामा पिंजलेली पांढरी लोकर बोटांनी आणखी मोकळी करायचे, चिमटीत बसेल एवढी घ्यायचे आणि टोकाला खाच असलेल्या लांब पोलादी पट्टीनं गादीच्या कोपऱ्यात पोचवायचे. पुन्हा चिमूट, पुन्हा पट्टी. मधेच डोळे मिटून तळव्यानं दाबायचे. फार ठासली तर गादी दगड होते, कमी पडली तर महिन्यात बसते. दोन्ही गाद्यांच्या मधली नाळ तीन-चार बोटं रुंद राहिलीच पाहिजे, म्हणजे कण्याच्या हाडांना काही लागत नाही. आणि मागचं टोक अठराव्या बरगडीच्या पुढेच संपलं पाहिजे. ती घोड्याची शेवटची बरगडी, तिच्या मागे पाठीला खालून आधार नाही. मामांनी ती बरगडी पोटापासून वर चाचपत जाऊन खडूनं खूण केली.

खोगीर तयार झालं आणि खुंटीवर टांगून राहिलं. नुसतं चांगलं खोगीर ठेवल्यानं मांस चढत नाही, ते फक्त अडवणूक थांबवतं. मांस येतं कामानं. त्या सहा आठवड्यांत रोज लांब दोरीवर चालणं, चढाची वाट, आणि गाजरं. गाजर दाखवून घोडीला मान पुढच्या पायांमधे न्यायला लावायची, मग डाव्या कुशीकडे, मग उजव्या. प्रत्येक वेळी काही क्षण तिथेच थांबवायचं. हे पोरखेळासारखं दिसतं, पण नॅरेल स्टब्ज, हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८ घोड्यांना ३ महिने, आठवड्यातून ५ दिवस असे व्यायाम दिले होते. कण्याला बिलगून मणके सावरणारा मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू त्यांत मोजता येईल इतका जाड झाला.

सातव्या आठवड्यात मी बसले, वीस मिनिटं, फक्त चाल. उतरल्यावर मामांनी खोगीर उचललं आणि घाम वाचला. पाठीवर दोन्ही अंगांना सारखा ओला पट्टा, मधे कण्याची कोरडी रेघ. आधी पट्ट्यांत कोरडे डाग असायचे. जिथे दाब फार तिथे घामाच्या ग्रंथीही दबतात. तंग आवळताना तिचे कान मागे गेले होते, पण अर्ध्यावर थांबले. दुखणं जातं, दुखण्याची आठवण मागे राहते. म्हणून आम्ही तंग एकेक भोक करून, मधे चार पावलं चालवून आवळायला लागलो.

तिसऱ्या महिन्यात पहिली नमद्याची पट्टी निघाली, पाचव्यात दुसरी. कागदावरची आत वळलेली रेघ आधी सपाट झाली, मग तिला पोट आलं. पांढरा ठिपका तसाच राहिला, तो आता राहणारच. पण हात फिरवला की खांद्यामागे भरीव, उबदार, बोटाखाली हलणारं मांस लागायचं.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिनं तंग आवळताना पुन्हा कान मागे टाकले.

माझ्या पोटात गोळा आला. मामा दुसऱ्या दिवशी आले, पिशवीतून ती वाकणारी पट्टी काढली, नवी रेघ ओढली आणि नोव्हेंबरमधल्या पहिल्या रेघेवर कागद ठेवून उजेडाकडे धरला. दोन्ही अंगांना बोटभर फरक होता. पाठ रुंदावली होती आणि त्याच खोगिरात आता मावत नव्हती. ग्रेव्ह आणि डायसन यांनी वर्षभर दर दोन महिन्यांनी घोड्यांच्या पाठी मोजल्या, तेव्हा त्यांनाही त्या बदलत्या दिसल्या. काम, वजन, ऋतू आणि नीट बसणारं खोगीर, सगळ्यांनी. मामांना हे मी वाचून दाखवलं. ते नुसते हसले आणि आरी शोधायला लागले.

त्यांनी पुढच्या बाजूची शिवण उसवली आणि हिवाळ्यात स्वतःच भरलेली लोकर चिमटीचिमटीनं बाहेर काढली. मूठभर निघाली, अजून पांढरी. घोडीनं मान लांब करून ती हुंगली.

"फेकू नका," ते म्हणाले. "पाऊस लागला की रिंगणात चिखल होईल, काम कमी पडेल, पाठ थोडी उतरेल. तेव्हा परत घालू."

मी ती कागदात बांधली, वर तारीख लिहिली आणि खोगिराच्या खुंटीला अडकवून ठेवली.