पुरीम : नाटकातून घराचा हक्क मागणारा यहुदी सण

यहुदी म्हटले की आपल्याला फक्त इस्रायलचे राजकारण आठवते. पण न्यूयॉर्कमध्ये असेही यहुदी आहेत, जे आपल्या सणाला नाटक करून भाडेकरूंचा प्रश्न मांडतात. तो सण म्हणजे पुरीम.

यहुदी कॅलेंडरच्या अदार महिन्याच्या 14 तारखेला, म्हणजे आपल्या होळीच्या आसपास, पुरीम येतो. कथा प्राचीन इराणची. दरबारातला वजीर हामान सगळ्या यहुद्यांच्या कत्तलीचे फर्मान काढतो. राणी एस्तेर स्वतः यहुदी असते, पण दरबारात कुणाला ते माहीत नसते. ती जीव धोक्यात घालून बादशहासमोर सत्य सांगते आणि कौम वाचते. इथे गोंधळ नको. कुरआनमधला हामान फिरऔनचा साथीदार आहे. एस्तेरची कथा कुरआनात नाही.

या दिवशी कथा वाचताना हामानचे नाव आले की लोक खुळखुळे वाजवून ते बुडवून टाकतात. शिवाय किमान दोन गरिबांना दान देणे बंधनकारक असते. आपल्याकडे ईदच्या नमाजआधी फित्रा देतात, तसेच हे. गरिबाचाही सण व्हावा, हा हेतू.

युरोपातले यिद्दिश बोलणारे यहुदी पुरीमला सोंगे घेऊन नाटक करत. त्याला 'पुरीमश्पील' म्हणतात. त्यात बड्यांची खिल्ली उडवायची मुभा असे. न्यूयॉर्कमध्ये 1990 साली स्थापन झालेल्या 'ज्यूज फॉर रेशियल अँड इकॉनॉमिक जस्टिस' या संघटनेने कलाकारांसोबत हीच परंपरा पुढे नेली. बाहुल्या, मुखवटे, गाणी, आणि विषय आजचे: घरकामगार, पोलिसांची दडपशाही, घराचा हक्क. याच संघटनेने मुस्लिमांवरच्या पोलिसी पाळतीलाही विरोध केला होता.

घराचा प्रश्न तिथल्या यहुद्यांना नवा नाही. 1907 मध्ये पॉलीन न्यूमन या कामगार तरुणीच्या पुढाकाराने सुमारे 10,000 कुटुंबांनी भाडे देणे थांबवले होते. पुढे भाडेनियंत्रण आले, पण त्यात पळवाट होती. घर रिकामे झाले आणि भाडे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की संरक्षण संपायचे. म्हणजे जुन्या भाडेकरूला हुसकावण्यातच मालकाचा फायदा! भाडेकरू संघटनांच्या लढ्यानंतर 2019 च्या कायद्याने ही पळवाट बंद केली. डिपॉझिटही एका महिन्याच्या भाड्यापुरतेच ठेवले.

आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायलही पुरीम पाळत. त्याला ते चक्क 'होळीचा सण' म्हणत. म्हणजे ही कथा आपल्या शेजारचीच आहे.

आता आपल्याकडे बघू. नाव ऐकून भाड्याचे घर नाकारले जाणे आपल्याला नवे नाही. पण त्याची चर्चा घरातच होते, आणि ईद मिलनमध्ये आपण शीरखुर्मा देऊन, फोटो काढून मोकळे होतो. त्याच मंचावर शेजाऱ्यांना सोबत घेऊन पंधरा मिनिटांचे एक नाटुकले करायला काय हरकत आहे? फित्रा गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचतो. त्याच्या डोक्यावरच्या छपराचाही विचार आपणच करायला हवा.