बंद पाकीट उघडायला हवं

बँकेच्या गृहकर्ज विभागात मी बरीच वर्षं काढली. एका दुपारी एक गृहस्थ टेबलासमोर येऊन बसले आणि त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून नऊ पाकिटं काढली. नऊही बंद. चिंचवडचा कारखाना बंद पडल्यावर हप्ते थकले होते आणि पत्रं कपाटात साड्यांखाली जात होती. घरी बायकोला पत्ता नव्हता. ''पाकीट फोडलं की घर जाईल असं वाटायचं,'' ते म्हणाले.

शेवटचं पाकीट मी फोडलं. ती सरफेसी कायद्याखालची साठ दिवसांची नोटीस होती. त्यातले बावन्न दिवस उलटून गेले होते.

हा कायदा 2002चा. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खातं अनुत्पादक ठरतं, मग बँक ही नोटीस देऊ शकते. साठ दिवसांत पैसे भरले नाहीत, तर घराचा ताबा घेण्याचा अधिकार तिला मिळतो. मात्र त्याच कायद्यात कर्जदाराला आपलं म्हणणं लेखी मांडायची सोय आहे. ते बँकेला विचारात घ्यावं लागतं आणि मान्य नसेल तर पंधरा दिवसांत कारणं कळवावी लागतात. फोनवर केलेल्या विनवणीला हे लागू नाही. म्हणून अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

पण खरी वेळ त्याच्या कितीतरी आधीची, पहिला हप्ता चुकणार असं दिसतं तेव्हाची. पगार घटल्याचं पत्र किंवा दवाखान्याची बिलं, सहा महिन्यांचं बँक पासबुक आणि 'महिना इतके मी नक्की भरू शकतो' असा आकडा, एवढं घेऊन शाखेत जावं. आकडा खरा सांगावा. लाजेपोटी जास्त सांगितलेला आकडा दुसऱ्याच महिन्यात फसतो.

मुदत वाढवून काय साधतं? समजा अठरा लाख बाकी आहेत, व्याज नऊ टक्के आणि पंधरा वर्षं उरली आहेत. हप्ता सुमारे 18,250 रुपये. मुदत पंचवीस वर्षं केली तर तो 15,100च्या आसपास येतो. महिन्याला तीन हजार सुटतात, पण एकूण व्याज साडेबारा लाखांच्या जवळपास वाढतं! शिवाय वय पन्नाशीच्या पुढे असेल तर बँक इतकी मुदत देत नाही. तेव्हा हात मोकळा झाला की हप्ता पुन्हा वाढवून घ्यावा. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही.

पुनर्रचना हा कर्जदाराचा हक्क नाही, हेही सांगतो. अडचणीतल्या कर्जदाराला अशी सवलत दिली की एरवी ते खातं बँकेच्या हिशेबात चांगलं राहत नाही, तिला तरतूद करावी लागते. मॅनेजर का कू करतो, याचं एक कारण हे. करोनाच्या काळात, 2020 आणि 2021मध्ये, रिझर्व्ह बँकेने यातून खास सूट दिली होती. ती योजना आता संपली आहे. पुनर्रचनेची नोंद सिबिलमध्येही दिसते, पुढचं कर्ज त्यामुळे अवघड होतं. तरीही घराचा लिलाव होण्यापेक्षा ती नोंद परवडली.

बँकेने ताबा घेण्याचं पाऊल उचललंच, तर पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. 'तुमचं कर्ज मिटवून देतो' म्हणत आगाऊ पैसे मागणारे एजंट मात्र दारातूनच परत पाठवावेत.

त्या गृहस्थांचा अर्ज आम्ही त्याच दुपारी लिहून घेतला. त्यांना भोसरीत कमी पगाराची नोकरी लागली होती, तिचं पत्र सोबत जोडलं. दुसऱ्या दिवशी ते पत्नीला घेऊन आले. त्या बाईंनी बांगड्या गहाण ठेवून निम्मी थकबाकी भरली. उरलेली मुद्दलात मिळवून मुदत सात वर्षांनी वाढली. सही करताना त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, ''पुढचं पत्र माझ्या हातात द्यायचं.''