स्टिअरिंगमधून जाणारी एक तार

जुन्या ट्रकमधल्या बहुतेक तारांचं आयुष्य एका जागी जातं. बॅटरीची तार क्लॅम्पला आवळलेली असते, दिव्यांच्या तारा चासीला पट्ट्यांनी बांधलेल्या असतात, डायनामोची इंजिनाला बिलगलेली असते. हॉर्नच्या तारेला मात्र फिरणाऱ्या चाकापर्यंत पोचायचं असतं. स्टिअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कित्येक फेरे घेतं आणि त्यातल्या कुठल्याही क्षणी ड्रायव्हरने मधली टोपी दाबली तरी हॉर्न वाजला पाहिजे. तारेला पीळ पडता कामा नये, ती तुटता कामा नये आणि सभोवतालच्या लोखंडाला तिचा उघडा स्पर्शही होता कामा नये. सत्तर वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी हे एक पितळी कडं, एक स्प्रिंग आणि थोड्या बेकेलाइटवर साधलं. जुन्या ट्रकचा हॉर्न बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि दुरुस्तीतलं खरं कसबही इथेच लागतं.

उदाहरण म्हणून युद्धानंतरचा शेवरले ट्रक घेऊ. गोल खांद्यांचं केबिन आणि आडव्या पट्ट्यांची जाळी असलेला हा ट्रक अमेरिकेत १९४७ च्या मध्यावर आला आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिला. बहुतेकांच्या बॉनेटखाली सहा सिलिंडरचं, २१६ घनइंचांचं म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं इंजिन आणि सगळी वीज सहा व्होल्टची. मुंबईशी या नावाचं नातं त्याहून जुनं आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. शेवरलेच्या गाड्या पेट्यांमधून सुट्या यायच्या आणि इथे उभ्या राहून रस्त्यावर जायच्या. नुसती जुळणी न करता गाडी इथेच बनवा, असा आग्रह स्वतंत्र भारताच्या सरकारने धरला आणि १९५४ मध्ये ते काम थांबलं. पण शेवरलेचे ट्रक पुढे कित्येक वर्षं घाट चढत-उतरत राहिले. आज कुठे एखादा शेडमध्ये किंवा बांधावर उभा दिसतो. कुणीतरी तो घरी आणतो, इंजिन उघडतो, पत्रा ठोकून घेतो, रंग देतो. हॉर्नकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी.

ते खरं तर आधी जायला हवं. या ट्रकचे ब्रेक आजच्यासारखे नाहीत, भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि आरशात मागचं फार थोडं दिसतं. घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरच्याला आपण आहोत हे कळवण्याचं साधन एकच. शहरात कारण नसताना वाजणाऱ्या हॉर्नचा आपल्याला आलेला वीट रास्त आहे. ट्रकांच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंद केलं, तेही योग्यच झालं. पण गरजेच्या क्षणी न वाजणारा हॉर्न हा वेगळा विषय आहे, आणि तो जिवाशी येतो.

हॉर्नचं बटण स्टिअरिंगच्या मधोमध आलं त्यामागेही हाच विचार आहे. सुरुवातीच्या गाड्यांना रबरी फुग्याचा भोंगा असे, दाराबाहेर किंवा खिडकीपाशी लावलेला. तो दाबायला एक हात चाकावरून काढावा लागे. विजेवर चालणारा क्लॅक्सन १९०८ च्या सुमारास अमेरिकेत आला. त्याचा जनक मिलर रीज हचिसन. याच माणसाने त्याआधी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र तयार केलं होतं. क्लॅक्सनमध्ये छोटी मोटर एक दातेरी चाक फिरवते, ते दाते पडद्यावरच्या खुंटीला घासत जातात आणि जुन्या चित्रपटांतून ओळखीचा झालेला तो खरखरीत, चढत जाणारा आवाज निघतो. पुढे मोटर गेली आणि विद्युतचुंबकावर थरथरणारा हॉर्न आला. आपल्या शेवरलेचा हॉर्न त्याच जातीचा.

त्याच्या आत गुंडाळी घातलेला लोखंडी गाभा असतो, समोर पोलादाचा पातळ पडदा आणि त्या पडद्याला जोडलेला लोखंडी तुकडा. बाजूला दोन पॉइंट एकमेकांना टेकलेले असतात. वीज आली की गाभा चुंबक होतो आणि तुकड्याला ओढतो. तुकडा ओढला जाताना पॉइंट उघडतात, वीज तुटते, पडदा स्वतःच्या ताणाने मागे येतो, पॉइंट पुन्हा टेकतात. हे एका सेकंदात काही शे वेळा घडतं आणि पडद्याची ती थरथर म्हणजेच आवाज. विजेच्या घंटेचं हेच तत्त्व, फक्त टोल्याच्या जागी पडदा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या हॉर्नमध्ये पॉइंटवर काळी साय धरते, पडद्याच्या कडेला गंज चढतो. कर्ण्याच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं हमखास सापडतं. ते काढून कर्णा स्वच्छ केला, पॉइंटवरून बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि मागचा स्क्रू जरा जरा करत फिरवला की बरेच मुके हॉर्न बोलू लागतात. हा स्क्रू घाईने फिरवायचा नाही. पाव फेऱ्याहूनही कमी फिरवायचं, क्षणभर वीज देऊन ऐकायचं, मग पुन्हा फिरवायचं. पॉइंट कायमचे टेकलेले राहिले तर हॉर्न नुसता ‘टक’ करून थांबतो, आणि तशी वीज चालू ठेवली तर गुंडाळी जळते.

आता मूळ प्रश्नाकडे. हॉर्नचं बटण वीज चालू-बंद करतं असा सर्वसाधारण समज आहे. या ट्रकमध्ये तसं नसतं. बॅटरीची वीज हॉर्नपर्यंत, किंवा रिले (हॉर्नची वीज जोडणारा चुंबकी स्विच) असेल तर रिलेपर्यंत, आधीच येऊन थांबलेली असते. तिथून निघालेली एकच तार स्टिअरिंगच्या कॉलममधून वर टोपीखाली जाते. टोपी दाबली की ती तार लोखंडाला टेकते आणि सर्किट बॉडीवरून बॅटरीकडे परततं. बटण फक्त अर्थिंग देतं. यात शहाणपण आहे: फिरत्या चाकापर्यंत दोनऐवजी एकच तार न्यावी लागते, परतीचा रस्ता स्टिअरिंगचा दांडाच होतो. त्याच काळातल्या डॉज आणि फोर्ड ट्रकांमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, शेवरलेत ऋण. हॉर्नला त्याने फरक पडत नाही.

एवढं समजलं की बिघाडाच्या दोन्ही तऱ्हा उलगडतात. हॉर्न वाजतच नसेल तर बॉडीपर्यंतचा रस्ता कुठेतरी तुटला आहे. हॉर्न थांबतच नसेल, किंवा वळण घेतल्यावर आपोआप वाजत असेल, तर तार नको त्या जागी लोखंडाला टेकते आहे. कापडी वेष्टणाखालचं रबर इतक्या वर्षांत कडक होऊन त्याला चिरा पडतात आणि कॉलमच्या नळीची धार तेवढी जागा नेमकी शोधते. वळणावरच ओरडणारा हॉर्न ऐकला की जाणता वायरमन इतर काही न बघता थेट कॉलमला हात घालतो.

मुक्या हॉर्नचा तपास मात्र खालून वर करायचा. अनेक जण सुरुवातच टोपी उचकटण्याने करतात आणि सत्तर वर्षांचं प्लास्टिक विनाकारण तोडून बसतात. आधी बॅटरीवरून थेट हॉर्नला वीज द्यावी. वाजला तर हॉर्न ठीक. मग रिले. त्याला तीन टोकं असतात: एक बॅटरीचं, एक हॉर्नचं, एक बटणाकडे जाणारं. तिसरं टोक वायरच्या तुकड्याने क्षणभर बॉडीला टेकवावं. हॉर्न वाजला तर रिलेपर्यंत सगळं नीट आहे आणि दोष वर आहे. रिलेतून ‘टिक’ ऐकू येते पण हॉर्न गप्प, तर रिलेचे पॉइंट तपासावेत. मग कॉलममध्ये शिरणाऱ्या तारेचं टोक सोडवून तेच बॉडीला लावावं. इथेही वाजला, तरच टोपीला हात लावायचा. मीटर नसला तरी एका दिव्यावर आणि दोन तारांवर हा सगळा तपास होतो.

टोपी काढण्याआधी बॅटरीची तार सोडवणं सक्तीचं. टोपी बहुतेक वेळा दाबून किंचित फिरवली की निघते. काही गाड्यांमध्ये पातळ पात्याने कडेने उचलावी लागते. खाली वाटी, स्प्रिंग आणि स्पर्शाची चकती असते. सुटा भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवावा, शक्य तर फोटो काढावा, कारण एक कागदी वॉशर उलटसुलट बसला तरी हॉर्न सतत वाजू लागतो. अनेकदा दोष इथेच मिळतो: स्प्रिंग गंजलेली, चकतीवर हिरवट थर, वॉशर चुरा झालेला. पॉलिश पेपर आणि नवा वॉशर एवढ्यावर काम भागतं.

नाही भागलं तर चाक काढावं लागतं. मोठा नट सैल करायचा पण पूर्ण काढायचा नाही, चाक आणि दांडा यांवर समोरासमोर खूण करायची आणि पुलर लावायचा. हातोड्याने दांड्यावर ठोकण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो ठोका खाली स्टिअरिंग बॉक्समधल्या बेअरिंगवर जाऊन बसतो आणि शंभर रुपयांचं काम हजारोंवर जातं. चाक निघालं की ते पितळी कडं दिसतं. ते दांड्याबरोबर फिरतं, पण लोखंडापासून बेकेलाइटने वेगळं ठेवलेलं असतं. त्याच्यावर स्प्रिंगने दाबलेला एक स्थिर स्पर्शक घासत राहतो. म्हणजे खालची तार जागेवरच राहते, कडं तेवढं फिरतं. कड्यात चर पडली असेल, किंवा वरच्या बेअरिंगमधलं ग्रीस त्यावर पसरून कडक झालं असेल, तर स्पर्श काही कोनांत होतो आणि काही कोनांत होत नाही. सरळ रस्त्यावर वाजणारा आणि वळणावर मुका होणारा हॉर्न तो हाच.

हे कडं दुकानात मिळेल अशी आशा धरू नये. पुण्याच्या नाना पेठेत जुन्या गाड्यांचे पुष्कळ भाग मिळतात, तिथे जरूर विचारावं. पण लेथवर काम करणारा चांगला कारागीर जवळ असेल तर जुनं कडं नमुना म्हणून देऊन नवं करून घेणं उत्तम. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी असं काम नवं नाही. पितळ नेमक्या मापाचं हवं, आणि विलगीकरणासाठी फायबर किंवा बेकेलाइटच वापरावं. इन्शुलेशन टेप गुंडाळून बसवलेलं कडं पहिल्याच उन्हाळ्यात सरकतं.

तार बदलताना सहा व्होल्टचा हिशेब विसरू नये. समजा हॉर्न १० अँपिअर घेतो आणि वाटेत गंजलेल्या जोडांमुळे ०.१ ओहमचा रोध आहे. एक व्होल्ट तिथेच खर्च होतो, म्हणजे सहातला एक. तेवढ्याच शक्तीच्या बारा व्होल्टच्या हॉर्नला ५ अँपिअर पुरतात, तिथे तोच रोध अर्धाच व्होल्ट खातो, बारातला अर्धा. सहा व्होल्टच्या गाडीचा प्रत्येक गंजका जोड असा चौपट महाग पडतो. आजच्या गाड्यांची बारीक तार टाकली की ‘नवी वायर घातली तरी हॉर्न मेल्यासारखा वाजतो’ ही तक्रार येते. गाडी बारा व्होल्टवर नेलेली असेल तर उलटी अडचण: मूळचा सहा व्होल्टचा हॉर्न तसाच ठेवला, तर तो जोरात वाजतो आणि लवकर जळतो.

आणखी एक दोष नव्याने सजवलेल्या ट्रकांमध्येच दिसतो. चासीला सुंदर पावडर कोटिंग, स्टिअरिंग बॉक्सला नवा रंग, कॉलमच्या कंसात नवं रबर. सगळं चकचकीत, आणि हॉर्न गप्प. कारण परतीचा रस्ता दांड्यातून, बॉक्समधून चासीत जात होता आणि आता प्रत्येक जोडावर रंगाचा थर आहे. रंग वीज जाऊ देत नाही. बॉक्सच्या एका बोल्टखालचा रंग खरवडून उघड्या धातूवर दातेरी वॉशर बसवावा, किंवा बॉक्सवरून चासीला अर्थिंगची एक वेणी द्यावी.

ही सगळी खटपट टाळणारा एक सोपा मार्ग गॅरेजमध्ये नेहमी सुचवला जातो: डॅशबोर्डला एक वेगळं बटण बसवा, कॉलमची तार कापून टाका. मला हे अजिबात पटत नाही. अडचणीच्या क्षणी हात चाकावरच राहावा म्हणून ती टोपी तिथे आहे. डॅशबोर्डच्या बटणाने आपण पुन्हा त्या खिडकीबाहेरच्या भोंग्याच्या काळात जातो, आणि पत्र्यात नवीन भोक पाडतो ते वेगळंच. दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरतं म्हणून चालेल, कायमचं नको. एक सावधगिरीही सांगायला हवी. इथे लिहिलेली पद्धत जुन्या ट्रकसाठी आहे. आजच्या गाड्यांमध्ये स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते आणि कड्याच्या जागी गुंडाळलेली सपाट फीत. तिथे घरगुती हात घालू नये.

काम झालं की चाक खुणेवर बसवून, नट आवळून, बॅटरी जोडून, उभ्या गाडीत टोपी दाबलेली ठेवून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावं. आवाज कुठेही तुटता कामा नये. मग टोपी सोडून तसंच परत फिरवावं. आता कुठेही वाजता कामा नये. इंजिन चालू करून, हेडलाइट लावून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण थकलेल्या बॅटरीवर वाजणारा हॉर्न दिवे लागल्यावर गप्प बसतो. शेवटी रिलेजवळ तारेला एक छोटी पट्टी बांधून तिच्यावर लिहावं: कुठली तार कुठे जाते, हॉर्न किती व्होल्टचा आहे, कडं कधी बदललं. पुढच्या वेळी बॉनेट उघडणाऱ्याला तपास कुठून सुरू करायचा ते समजेल.