भात सुधारणेचा संकल्प तडीस नेण्यासाठी शेतकरी गट



सुधारित भात लागवडीची माहिती आता बहुतेकांना असते. बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढावेत, रोपे दोरीवर लावावीत, हे शिबिराला जाऊन आलेला शेतकरी तोंडपाठ सांगतो. परंतु पाऊस लागला, आवणीची घाई सुरू झाली, मजूर मिळेनासे झाले की हात जुन्याच वळणावर जातात. "केले का?" असे वेळेवर विचारणारे कोणी नसते. हे विचारण्याचे काम गटाने करावयाचे आहे.

कोकणात सावडीची रीत जुनी आहे. ज्याच्या शेतावर काल दहा जण राबले, तो आज दुसऱ्याच्या आवणीला न जाता घरी बसू शकत नसे. हेच बंधन सुधारणेसाठी वापरता येते. इंडोनेशियात १९८९ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने भाताच्या शेतीशाळा सुरू झाल्या. त्यात शेतकरी हंगामभर दर आठवड्याला शेतातच जमत, पीक पाहत आणि पुढचे काम ठरवीत. महाराष्ट्रात पानी फाउंडेशनने २०२२ साली सुरू केलेली फार्मर कप स्पर्धाही एकेका शेतकऱ्यापेक्षा गटावर भर देते. स्पर्धा नसली तरी गट चालू शकतो. शब्द मात्र मोजता येईल असा हवा.

कोपर भागातील बरीच जमीन इमारतींखाली गेली आहे. कल्याण, भिवंडी तालुक्यांत ज्यांची शेती शिल्लक आहे, त्यांपैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी नोकरीला आहे. तेव्हा बैठक रविवारीच ठेवावी. कोपर स्थानकात मुख्य मार्ग आणि दिवा-वसई मार्ग एकत्र येतात, त्यामुळे खारबाव, भिवंडीकडच्या आणि कल्याणकडच्या सभासदांना तेथे भेटून पुढे एखाद्याच्या शेतावर जाणे सोयीचे पडते. दिवा-वसई मार्गावर गाड्या कमी आहेत, म्हणून वेळ गाडी पाहून ठरवावी. गट ८ ते १२ जणांचा पुरे. यापेक्षा मोठ्या गटात कोणाचे काम राहिले ते ध्यानात येत नाही.

"यंदा शेती सुधारीन" हा संकल्प तपासता येत नाही. "१० गुंठ्यांत चारसूत्री पद्धतीने आवणी करीन" हा येतो. डॉ. ना. कृ. सावंत यांनी मांडलेल्या या पद्धतीत भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित आवणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेटचा वापर ही चार सूत्रे आहेत. चूड १५ व २५ सें.मी. अशा आलटून पालटून अंतरावर दोन्ही बाजूंनी लावतात, एका चुडात २ ते ३ रोपे ठेवतात. आवणीच्याच दिवशी दर चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सें.मी. खोल खोचतात. हिशेब सोपा आहे : हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे सुमारे १७० किलो. १० गुंठ्यांना सुमारे १७ किलो. ही खरेदी झाली की नाही, हे मे महिन्याच्या बैठकीतच विचारावे.

आवणीनंतर आठवड्याच्या आत गटाने बांधावर जावे. चार काठ्यांची १ मीटर लांब-रुंद चौकट चार-पाच ठिकाणी टाकून चूड मोजावेत. अंतर बरोबर असेल तर सरासरी २५ च्या आसपास येतात. आकडा वहीत लिहून त्यापुढे शेतकऱ्याने सही करावी. सभागृहात चहा घेत दिलेल्या अहवालापेक्षा या चौकटीवर माझा अधिक विश्वास आहे.

येथे एक गोष्ट पुष्कळदा निसटते. शब्द देतो घरातला पुरुष, आणि वाकून रोपे लावतात बाया. ज्यांच्या हातून अंतर राखले जायचे त्यांनाच दोरी कशासाठी ते ठाऊक नसेल, तर सही करून उपयोग नाही. शिवाय दोरीवर लावताना सुरुवातीला वेळ जास्त लागतो. उक्ते काम घेतलेल्या मजुरांना ते परवडत नाही, म्हणून त्या १० गुंठ्यांपुरती रोजावर मजुरी ठरवावी किंवा गटातील घरांनी सावड करावी. घरच्या आणि मजुरीच्या बायांपैकी निदान दोघी-तिघी गटाच्या सभासद असाव्यात.

सर्वांचा संकल्प एकच असण्याची गरज नाही. खाडीलगतच्या खार जमिनीत क्षार सहन करणारी जात निवडणे हीच पहिली सुधारणा ठरते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती त्यासाठी आहेत. पावसाने वाहून जाणाऱ्या उताराच्या खाचरात आधी बांधबंदिस्ती हवी.

एखाद्याचे काम राहिले तर दंड ठेवू नये. दंड भरला की माणूस मोकळा होतो आणि पुढच्या बैठकीला येत नाही. काय अडले ते विचारावे. ब्रिकेट मिळाल्या नाहीत, आजारपण आले, रोपे वाढून गेली, असे जे असेल ते वहीत लिहावे. दोघांचे कारण एकच निघाले तर ती अडचण गटाची समजून सहायक कृषी अधिकाऱ्याकडे सर्वांनी मिळून जावे.

कापणीला जुन्या पद्धतीचा १ गुंठा आणि सुधारित पद्धतीचा १ गुंठा वेगळा कापून, झोडून सर्वांसमोर वजन करावे. उत्पन्न वाढले नसेल तर तोही आकडा लिहावा. त्याच बैठकीत वालासाठी कोण काय करणार ते नोंदवून घ्यावे, कारण भात निघाल्यावर जमिनीतील ओल फार दिवस टिकत नाही.