मधुमेह्यांनो, कानांकडेही लक्ष द्या!

मधुमेह झाला की डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पाय यांची काळजी घ्यावी, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. कानाचे नाव मात्र क्वचितच निघते. साठीतल्या गृहस्थांना कमी ऐकू येऊ लागले की 'वय झाले' म्हणून घरचे मोकळे होतात. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसावर तर 'बोलण्याकडे लक्षच नसते' असा ठपका बसतो. मूळ कारण कित्येकदा साखरेत असू शकते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकेत १९९९ ते २००४ या काळात २० ते ६९ वयाच्या सुमारे पाच हजार लोकांचे कान तपासले गेले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खालच्या व मधल्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येणारे लोक मधुमेह्यांत शंभरात २१, तर इतरांत ९ होते. वय आणि गोंगाटातले काम यांचा हिशेब वेगळा काढला, तरी फरक उरलाच.

असे का व्हावे? आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्यातल्या नाजूक केसपेशी आवाजाचे संदेश मज्जातंतूकडे देतात. या भागाला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात. वाढलेली साखर जशी डोळ्यांच्या पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब करते, तशीच याही करते, असे तज्ज्ञ मानतात. मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून साखर पुढे आटोक्यात आली तरी गेलेले ऐकणे सहसा परत येत नाही.

हा बहिरेपणा चोरपावलांनी येतो. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. बायका-मुलांचे बोलणे निसटते. लग्नघरच्या गलबल्यात तर काहीच उमगत नाही. दवाखान्यात हे धोक्याचेच. डॉक्टरांनी इन्सुलिनचे 'सात' युनिट सांगितले की 'आठ', हे अंदाजाने ठरवू नये. कागदावर लिहून घ्यावे.

मधुमेहाचे निदान होताच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून एकदा श्रवणतपासणी करून घेणे शहाणपणाचे. या तपासणीत टोचणे नाही, दुखणे नाही. कानात नुसता मळ असला तर तोही तेव्हाच कळतो. श्रवणयंत्र सुचवले तर लाजू नये. चष्म्याची लाज वाटत नाही, मग याचीच का?

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. त्यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने साखर चढते, म्हणून मधुमेह असल्याचे आधी सांगावे. जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शने कानाला बाधतात. मूत्रपिंड अधू असेल तर धोका अधिक, हेही डॉक्टरांच्या कानी घालावे.

आणि काडी, हेअरपिन, किल्ली यांनी कान कोरण्याची सवय मधुमेह्यांनी आजच सोडावी. लहानशा जखमेतून जंतू शिरून संसर्ग थेट हाडापर्यंत पोचू शकतो. कान रात्री ठणकत असेल, पाणी येत असेल, तर घरचे तेल-लसूण न घालता लगेच दवाखाना गाठावा.