पुन्हा गंडा बांधताना

गवयाची मेहनत आपल्याकडे तासांत मोजली जाते. कोणी पहाटे उठून खर्ज भरत असे, कोणी दिवसभर पलटे घोटत असे, अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्या खोट्या नाहीत, पण त्यांत मुख्य गोष्ट हातून निसटते. साधारण १८९० ते १९९० या शंभर वर्षांत कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोवे आणि धारवाड या पट्ट्यात ख्यालगायकी बहरली. तिचा मागोवा घेताना मला दिसते ते असे की, यातली अनेक मोठी माणसे नाव झाल्यावर पुन्हा कुणाच्या तरी समोर शिष्य म्हणून बसली, आणि त्यांचे गाणे खऱ्या अर्थाने वाढले ते तिथून पुढे.

भास्करबुवा बखले यांचेच पाहा. त्यांचा जन्म १८६९चा. किर्लोस्कर नाटक मंडळीतला हा गोड गळ्याचा मुलगा वयात येताना आवाज फुटल्याने नाटकातले स्थान गमावून बसला. मग बडोद्याला फैज महंमद खाँ यांच्याकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम झाली, पुढे नथ्थन खाँ यांच्याकडे आग्र्याची. इथपर्यंतचा प्रवास गरजेतून झाला असे म्हणता येईल. पण दोन घराण्यांची विद्या गळ्यावर चढलेली असताना, गवई म्हणून मान्यता मिळालेली असताना, बुवा जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँ यांच्याकडेही शिकले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ज्यांना गुरू मानत, १९११ साली ज्यांनी पुण्यात भारत गायन समाज उभा केला, १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकाला ज्यांनी चाली दिल्या, ते बुवा असे तीन दारांतून शिकून आलेले होते.

नव्याने शिकणे म्हणजे नेमके काय, हे मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गाण्यात सर्वांत स्पष्ट दिसते. मिरजेच्या नीलकंठबुवांकडून त्यांना ग्वाल्हेरची तालीम मिळाली होती आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या होत्या. त्यानंतर ते अल्लादिया खाँ यांचे पुत्र मंजी खाँ यांच्याकडे जयपूर गायकी शिकू लागले. चार नव्या चिजा मिळवण्यापुरते हे काम नव्हते. ग्वाल्हेरची सपाट तान सरळ चढते, सरळ उतरते; जयपूरची तान वळणे घेत, एका स्वरात दुसरा अडकवत जाते. आकार मोकळा ठेवायचा, लयीचा हिशेब आतल्या आत चालू ठेवायचा आणि आवर्तनाचा धागा न तुटता समेवर यायचे. सवयीचा गळा दर वेळी जुन्या वाटेने धावणार, आणि त्याला दर वेळी मागे ओढायचे. ज्याला आधीच वाहवा मिळते आहे, त्याने हे ओढणे पत्करायचे म्हणजे काही काळ स्वतःच्याच कानांना कच्चे वाटून घ्यायचे. १९३७ साली मंजी खाँ गेले, तर मन्सूर त्यांच्या धाकट्या भावाकडे, भुर्जी खाँ यांच्याकडे शिकत राहिले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला गंभीर वाटतो. ही आत्मोन्नतीची ओढ कसली, ही तर परिस्थितीची सक्ती होती! केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आल्या. गाणे हेच त्यांचे जगण्याचे साधन होते, आणि विद्या उस्तादांच्या मर्जीवर मिळत होती. मोगूबाईंची अल्लादिया खाँसाहेबांकडची तालीम तर मध्येच तुटली. आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकून त्या पुन्हा खाँसाहेबांकडे आल्या आणि १९३४ साली त्यांनी गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा धागा, बांधून घेतला. या वाटेवरचा त्रास गोड करून सांगणे अन्यायाचे होईल. तरीही सक्तीने माणूस शिकायला का बसतो एवढेच कळते, तो का उठत नाही हे कळत नाही. केसरबाईंनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला तो १९२१च्या सुमारास, आणि १९४६ साली ते जाईपर्यंत तालीम चालू ठेवली. त्या काळात बिदागीसाठी शिकण्याची त्यांना काही गरज उरली नव्हती. खुद्द खाँसाहेबांचे उदाहरण याहून कठीण. तरुणपणी अति गाण्याने त्यांचा आवाज बिघडला, पूर्वीचा गळा परत आला नाही, आणि उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. पुढे ज्या गायकीसाठी इतके लोक रांगेत बसले, ती ही.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. दहा ठिकाणी शिकले की घराणे पातळ होते, असे म्हणणारे किशोरी आमोणकरांच्या वेळी फार बोलले. मोगूबाईंच्या या मुलीने अंजनीबाई मालपेकरांसह इतरांकडूनही घेतले, आलापी लांबवली, लय संथ केली. जयपूरची घट्ट वीण त्यामुळे काही ठिकाणी सैल झाली हे मान्य करायला हवे. पण ती सैल झाली म्हणून तिच्यात रागाचा भाव मुरायला जागा मिळाली, असे मला ठामपणे वाटते. शिवाय शुद्धतेच्या बाजूने ज्यांचे नाव घेतले जाते, त्या केसरबाईही लहानपणी अब्दुल करीम खाँ आणि पुढे रामकृष्णबुवा वझे, बखलेबुवा यांच्याकडे शिकूनच जयपूरला पोचल्या होत्या. शिकत राहणे जसे त्यांनी स्वतः निवडले, तसेच थांबणेही: १९६०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या. ऐकणारे अजून होते, मागणीही होती. थांबायचे त्यांनीच ठरवले.