टॉल्किन-वाचनदिन

ग्रंथकाराचें स्मरण आपण बहुधा त्याच्या जयंतीस करतों. इंग्रज कादंबरीकार जे. आर. आर. टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ चा. परंतु टॉल्किन सोसायटीनें २००३ सालीं सुरू केलेला वाचनदिन २५ मार्चला येतो. कां बरें? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्यांच्या अद्भुत कथेंत त्याच तारखेस सत्तेची अंगठी अग्नींत नष्ट होते. ती वाहून नेणारा फ्रोडो अखेरच्या क्षणीं मोहवश होऊन तिचा त्याग नाकारतो. पूर्वीं ज्या गॉलमला त्यानें दयेनें जिवंत सोडलेलें असतें, तोच ती हिसकावून घेतो आणि तिच्यासह ज्वाळांत पडतो. १९१६ सालीं सोमच्या रणांगणावर लढलेल्या या लेखकानें विजयाचें श्रेय शस्त्रास दिलें नाहीं, दयेस दिलें. त्या दिवशीं हारतुरे नकोत; घरांत एक प्रकरण मोठ्यानें वाचावें, इतकाच या सणाचा विधि.